मापन आणि मनुष्यबळ

प्रसूतीच्या प्रत्येक कळेसरशी गर्भाला वारेतून मिळणारा प्राणवायू क्षणभर कमी होतो. निरोगी अर्भक हा ताण सोसते. तुटवडा लांबल्यास मात्र त्याच्या रक्तात आम्ल साचते आणि मेंदूला इजा पोहोचू शकते. जन्मलेल्या बाळाची अवस्था जोखण्याची बिनखर्ची रीत अमेरिकेतील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ साली सुचविली: हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा जोम, प्रतिसाद व वर्ण यांना प्रत्येकी दोनपर्यंत गुण. पुढे ठोक्यांची अखंड नोंद करणारी यंत्रे आली. परंतु डब्लिन येथील सुमारे १३ हजार प्रसूतींच्या, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत काय आढळले? ठराविक वेळाने कानांनी ठोके ऐकण्याच्या तुलनेत यंत्रामुळे अर्भकांचे झटके घटले, मृत्यू मात्र घटले नाहीत.

यंत्रे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. मापनाचे मोल त्यानंतरच्या कृतीवर ठरते. बाळाने श्वास घेतला नाही, तर पहिल्या मिनिटातच बॅग व मास्क लावून श्वास देणारी प्रशिक्षित परिचारिका हजर हवी. भारतात २००९ साली सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा भर याच प्रशिक्षणावर आहे. यंत्रखरेदीपूर्वी परिचारिकेचे रिक्त पद भरणे, हाच खरा काटकसरीचा मार्ग होय.