स्पर्धेचे नियम आणि वृंदाचे नियम

पावसाळा ओसरू लागला, की महाराष्ट्रातील महाविद्यालयांत युवक महोत्सवाचे वारे वाहू लागतात. सूचनाफलकावर निवड चाचणीची सूचना लागते, एखादा रिकामा वर्ग तालमीसाठी मोकळा करून दिला जातो, कुठून तरी तबल्याची जोडी, एक पेटी आणि दोन-चार टाळ जमवले जातात आणि दोन-तीन आठवडे त्या वर्गातून समूहगीताचे सूर ऐकू येत राहतात. स्पर्धा पार पडते, निकाल लागतो. करंडक मिळालाच तर तो प्राचार्यांच्या दालनातील कपाटात विराजमान होतो आणि पुढच्या वर्षीच्या सूचनेपर्यंत त्या वर्गात पुन्हा शांतता नांदते. हजारो विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयाचा सामूहिक संगीताशी येणारा संबंध वर्षातून पंधरा-वीस दिवसांचा आणि अवघ्या आठ-नऊ जणांपुरता असावा, ही स्थिती समाधानकारक खासच नाही. विद्यार्थ्यांना संगीताची आवड उरली नाही, असे तिचे कारण सांगितले जाते. वास्तविक, या स्थितीचे मूळ विद्यार्थ्यांच्या आवडीत जितके आहे, त्याहून कितीतरी अधिक ते सहभागाच्या नियमांत आहे.

नियमांचा उगम

आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाची परंपरा १९५४ साली दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात भरलेल्या पहिल्या महोत्सवापासून सुरू होते. स्वतंत्र भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकत्र यावे, परस्परांची भाषा, गाणी व नृत्ये जाणून घ्यावीत, हा त्यामागील हेतू होता. आज हे महोत्सव भारतीय विद्यापीठ संघाच्या विद्यमाने विभागीय व राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी होतात. महाराष्ट्रात कुलपती या नात्याने राज्यपालांच्या कार्यालयाने पुढाकार घेऊन २००३ साली ‘इंद्रधनुष्य’ हा राज्यपातळीवरील महोत्सव सुरू केला. विद्यापीठाच्या पातळीवर ही सारी व्यवस्था विद्यार्थी विकास मंडळाकडे असते.

या महोत्सवांची नियमावली बारकाईने वाचण्यासारखी आहे. स्पर्धक हा नियमित, पूर्ण वेळ विद्यार्थी असला पाहिजे आणि त्याचे वय पंचविशीच्या आत असले पाहिजे. समूहगानात गायक सहाहून अधिक नसावेत, साथीदार तीनहून अधिक नसावेत, गाणे दहा मिनिटांत आटोपावे, चित्रपटगीत गाऊ नये. गुण देताना केवळ गायनाचा दर्जा पाहावा; वेशभूषा, रंगभूषा वा हावभाव यांना गुण नाहीत. लोकवाद्यवृंदाचा नियम तर अधिकच बोलका आहे. बारा विद्यार्थ्यांच्या या वृंदात तीनपर्यंत व्यावसायिक कलावंत घेता येतात; मात्र त्यांचा पोशाख विद्यार्थ्यांहून वेगळा असला पाहिजे, त्यांनी वेगळे बसले वा उभे राहिले पाहिजे आणि त्यांनी वृंदाचे नेतृत्व करता कामा नये.

या प्रत्येक नियमामागे काही अनुभव आहे, हे उघड आहे. व्यावसायिकांनाच विद्यार्थी म्हणून उभे करण्याचा मोह कोणाला तरी झाला असल्याखेरीज पोशाखाचा नियम कोणी कशाला लिहील? करंडकासाठी नाममात्र प्रवेश घेणारे वयस्क ‘विद्यार्थी’ दिसल्यावाचून वयाची अट कोणाला सुचली असती? तेव्हा हे नियम अन्यायाचे आहेत, असे मुळीच नाही. स्पर्धा म्हटली की संख्या ठरवावी लागते, वेळ मोजावा लागतो आणि तोतयांना दाराबाहेर ठेवावे लागते. तथापि ही सारी नियमावली वाचून संपवली, तरी दोन प्रश्न शिल्लक राहतात. ज्याला गाण्याची ओढ आहे पण शिक्षण नाही, अशा विद्यार्थ्याला वृंदात यायचे झाल्यास त्याने काय करावे? आणि जो आला, त्याला वर्षभर टिकवून धरण्यासाठी विद्यापीठाने काय करावे? या प्रश्नांना नियमावलीत उत्तर नाही, कारण ती स्पर्धेची नियमावली आहे. खरी अडचण अशी, की आपल्या विद्यापीठांपाशी संगीतातील सहभागाविषयी हिच्यावाचून दुसरी नियमावली फारशी नाही.

सहा जणांचे अर्थशास्त्र

नियम हे केवळ निर्बंध नसतात. माणसे आपला वेळ व पैसा कोठे खर्च करतील, हेही ते ठरवीत असतात. जेथे सहाच गायकांना जागा आहे आणि फळ म्हणजे केवळ क्रमांक आहे, तेथे नव्या विद्यार्थ्याला शिकवण्यात वेळ घालवणे महाविद्यालयाला परवडत नाही. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा देऊन आलेले, घरी पेटी असलेले, शहरातील एखाद्या गायन वर्गात वाढलेले सहा जण हुडकणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. त्यांना बसवण्यासाठी बाहेरून संगीत दिग्दर्शक आणला जातो, त्याचे मानधन ठरते आणि वर्षाच्या सांस्कृतिक निधीचा मोठा भाग पंधरा दिवसांत संपतो. ज्या महाविद्यालयाला हे जमते ते वर येते. ज्या तालुक्याच्या महाविद्यालयाला जमत नाही, ते प्राथमिक फेरीतच गळते आणि पुढच्या वर्षी स्पर्धेला जावे की न जावे, याचा विचार करू लागते. यात कोणाची लबाडी नाही. नियमांनी जे मागितले तेच महाविद्यालयांनी दिले. पण सार्वजनिक पैसा आधीच तयार असलेल्यांना अधिक तयार करण्यात खर्ची पडतो आणि ज्यांना विद्यापीठाखेरीज वाद्याला हात लावण्याची दुसरी जागा नाही, ते श्रोत्यांतच राहतात.

वृंद टिकवण्याची अडचण आणखी वेगळी आहे. मँकर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की ज्या कामाचा लाभ सर्वांना सारखा मिळतो, त्याचा भार उचलण्यास मात्र जो तो दुसऱ्याची वाट पाहतो. समूहगानाला हे तंतोतंत लागू पडते. तालमीला चार जण आले आणि दोघे आले नाहीत, तर झळ त्या चौघांना बसते. गाणे चांगले झाले, तर टाळ्यांचा वाटा सहाही जणांना मिळतो. अशा ठिकाणी शिस्तीचा नियम नसेल, तर प्रामाणिक माणूस प्रथम कंटाळतो आणि वृंद मोडतो.

दिंडी आणि ढोलपथक

आपले संगीत मुळात एकट्याचे आणि गुरुमुखातून शिकण्याचे. वृंद ही पाश्चात्त्यांची कल्पना, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. रागदारी संगीत एकट्याचे असेल. पण शाहिराला झीलकरी लागतात, कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे असतात आणि मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास जो वाद्यवृंद उभा केला, तो याच मातीतला होता.

पंढरीच्या वाटेवरील दिंडीचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. दिंडीत टाळ घेऊन चालायला कोणाची गायन परीक्षा द्यावी लागत नाही. मात्र एकदा ओळीत उभे राहिले, की विणेकऱ्याकडे लक्ष ठेवावे लागते, पखवाजाशी पावली जुळवावी लागते आणि अभंगांचा क्रम पाळावा लागतो. पुण्यात गणेशोत्सवापूर्वी नदीकाठी सराव करणारी ढोल-ताशा पथके हे त्याचेच शहरी रूप होय. महाविद्यालयातील मुले-मुली तेथे शेकड्यांनी येतात. त्यांतील बहुतेकांनी पूर्वी कधी ढोल गळ्यात अडकवलेला नसतो. पथक त्यांना नाकारीत नाही. पण सरावाला नियमित न येणाऱ्याला मिरवणुकीत वादन मिळणार नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकते. जो विद्यार्थी महाविद्यालयाच्या समूहगीताच्या चाचणीकडे फिरकत नाही, तोच विद्यार्थी संध्याकाळी दोन तास घाम गाळून तेथे ढोल वाजवतो. या पथकांच्या गोंगाटाविषयी तक्रारी आहेत आणि त्यांतील काही रास्तही आहेत; परंतु सहभागाचे शास्त्र त्यांना विद्यापीठांपेक्षा अधिक कळले आहे, हे मान्य करावे लागेल.

या दोन्ही ठिकाणी प्रवेश सैल आहे आणि शिस्त कडक आहे. विद्यापीठात नेमके याच्या उलट घडते. प्रवेश कडक, कारण जागा सहाच. आणि एकदा निवड झाली की पुढे शिस्त सैल, कारण स्पर्धेनंतर वृंदच उरत नाही. संगीतातील सहभागाचा प्रश्न सोडवायचा असेल, तर हा व्युत्क्रम दुरुस्त केला पाहिजे.

श्रेयांकांची संधी

अशा दुरुस्तीसाठी आज एक अनुकूल परिस्थिती निर्माण झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांची जी नवी रचना झाली, तिच्यात राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग यांच्याबरोबरच सांस्कृतिक कार्य व प्रयोगजीवी कला यांनाही सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक देण्याची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका श्रेयांकासाठी एका सत्रात तीस तासांचे काम अपेक्षित असते, म्हणजे आठवड्याला दोन तास. वृंदाच्या तालमीला याहून सोयीचे माप कोणते?

या तासांत काटकसर करता येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. विल्यम बॉमल व विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर लिहिलेल्या ग्रंथात हेच सूत्र मांडले. कारखान्यात यंत्र सुधारले की तेवढ्याच श्रमांत अधिक माल निघतो. पण चार वादकांनी मिळून वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ घेत होती, तितकाच वेळ आजही घेते. पंधरा दिवसांत बसवलेला वृंद हा स्वस्त वृंद नसतो. तो अपुरा वृंद असतो.

मात्र श्रेयांकाच्या वाटेवर एक खड्डा आहे. जे मोजले जाते, त्याच्याच मागे माणसे धावतात. हजेरीपटावर सही करून दोन श्रेयांक पदरात पाडून घेण्याची सोय झाली, तर वृंदाचे रूपांतर आणखी एका कागदी उपक्रमात होईल. म्हणून श्रेयांक देण्यापूर्वी नियम नीट लिहिले गेले पाहिजेत.

नियम कसे असावेत?

पहिला नियम प्रवेशाचा. विद्यापीठाच्या वा महाविद्यालयाच्या वृंदात दोन पायऱ्या असाव्यात. पहिल्या पायरीवर कोणत्याही विद्याशाखेच्या विद्यार्थ्याला चाचणीविना प्रवेश मिळावा. स्वर व लय यांची ओळख तेथेच करून दिली जावी. दुसऱ्या पायरीवर चाचणी असावी आणि स्पर्धेचा संघ तिच्यातून निवडावा.

दुसरा नियम चाचणीचा. ती शक्य तेथे पडद्याआडून व्हावी. अमेरिकेतील वाद्यवृंदांनी १९७० नंतर अशा चाचण्यांचा अधिकाधिक अवलंब केला. तेथील पाच अग्रगण्य वृंदांत १९७० साली स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी होते, ते १९९७ पर्यंत पंचवीस टक्क्यांपर्यंत पोचले. क्लॉडिया गोल्डिन व सिसिलिया राऊस यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वाढीचे काही श्रेय पडद्याला दिले. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. पण परीक्षकाला नाव, गाव, आडनाव वा चेहरा कळण्याची गरज नाही, या तत्त्वाला त्यामुळे बाध येत नाही. आडनावावरून पुष्कळ काही ताडले जाणाऱ्या आपल्या समाजात तर ते अधिकच मोलाचे आहे.

तिसरा नियम उपस्थितीचा. वर्गातील व्याख्यानांना ७५ टक्के उपस्थितीची अट असते. तालमीला ती त्याहून कमी असू नये आणि ती न पाळणाऱ्याला, तो कितीही गुणी असला तरी, रंगमंचावर जागा मिळू नये. मात्र ही अट न्याय्य ठरायची असेल, तर तालमीची वेळ वेळापत्रकातच असली पाहिजे. संध्याकाळी सहानंतरच्या तालमीचा अर्थ, शेवटच्या एस.टी.ने गावी परतणाऱ्या मुलीला आणि दुपारनंतर नोकरी करणाऱ्या मुलाला वृंदाची दारे बंद, इतकाच होतो.

चौथा नियम साधनांचा. वाद्ये महाविद्यालयाची असावीत, ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे ती विद्यार्थ्याला नोंद करून घरी नेता यावीत. बाहेरच्या दिग्दर्शकावर पंधरा दिवसांत होणाऱ्या खर्चातून काही रक्कम दरवर्षी बाजूला ठेवली, तर चार-पाच वर्षांत पुष्कळ महाविद्यालयांत वाद्यांचा बऱ्यापैकी संच उभा राहील. आठवड्यातून एकदा येणाऱ्या स्थानिक शिक्षकाला, भजनी मंडळातील जाणत्या पखवाजियाला वा पेटीवादकाला वर्षभर मानधन देणेही अशक्य नाही.

खर्चाची सबब यावर पुढे केली जाईल. विद्यापीठांत अध्यापकांच्या जागा रिकाम्या असताना गाण्यावर पैसा कशाला, असेही विचारले जाईल, आणि हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत. परंतु येथे सुचवलेले बदल मुख्यतः नव्या पैशाचे नाहीत; आहे तोच पैसा आणि आहे तोच वेळ वेगळ्या नियमाने वाटण्याचे आहेत. करंडकासाठी सहा जण पाठवण्याचा विद्यापीठांचा हक्क कोणी हिरावून घेत नाही. त्या सहा जणांच्या मागे साठ जण वर्षभर गात असावेत, एवढीच अपेक्षा आहे. तसे झाले, तर सहा जणांची निवड करणे अवघड होईल. आणि महाविद्यालयाच्या दृष्टीने त्याहून चांगली अडचण दुसरी नाही.