विश्लेषण : नऊ क्लब, सतरा वर्षे; त्यातले चार क्लब आज त्या नावाने नाहीत! भारतीय फुटबॉलपटूचे करिअर नेमके कसे चालते?

सुनील छेत्रीचे नाव सगळ्यांना माहीत असते. त्याच्या मागे उभे राहून गोल वाचवणाऱ्यांची नावे मात्र सामना संपला की विसरली जातात. केरळचा सेंटर बॅक अनस एडाथोडिका हे असेच एक नाव. २००७ ते २०२४ या काळात तो नऊ क्लबांकडून खेळला. त्यातली पहिली आठ वर्षे त्याने महाराष्ट्रात, मुंबई आणि पुण्यात काढली. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) २०१७ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी उचलला गेलेला खेळाडूही तोच.

सतत क्लब बदलत, बिऱ्हाड पाठीवर घेऊन खेळणाऱ्या अशा खेळाडूला फुटबॉलच्या भाषेत ‘जर्नीमन’ म्हणतात. शब्दात थोडी हेटाळणी आहे. जणू खेळाडू कुठे टिकलाच नाही. अनसचा प्रवास पाहिला तर प्रश्न उलटा पडतो. खेळाडू टिकला नाही, की क्लब?

अनस एडाथोडिका कोण आहे?

जन्म १५ फेब्रुवारी १९८७, गाव कोंडोट्टी, जिल्हा मलप्पुरम. कालिकत विमानतळाला लागून असलेला हा भाग. मलप्पुरममध्ये फुटबॉल हा क्रिकेटइतकाच, किंबहुना जास्तच, गल्लीतला खेळ आहे. भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत सात-सात जणांच्या ‘सेव्हन्स’ स्पर्धा भरतात. तात्पुरत्या गॅलऱ्या उभ्या राहतात, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने होतात आणि तिकीट काढून लोक येतात.

अनसच्या घरची परिस्थिती बेताची होती. शिकत असताना घराला हातभार म्हणून त्याने काही काळ रिक्षा चालवली. अशा मुलासाठी पूर्वी एक ठरलेली वाट होती, ती म्हणजे खात्याचा संघ. पोलीस, रेल्वे, बँक किंवा सरकारी कंपनी खेळाडूला नोकरी द्यायची. त्रिशूरचा आय. एम. विजयन याच वाटेने केरळ पोलिसांत गेला. १९९० आणि १९९१ ला सलग दोनदा फेडरेशन कप जिंकणारा संघ केरळ पोलिसांचाच होता. पगार मोठा नसायचा, पण बूट टांगल्यावरही नोकरी राहायची.

अनसची पिढी मोठी होईपर्यंत चित्र बदलले. २००७ मध्ये आय-लीग सुरू झाली आणि खेळाडू नोकरदार न राहता कंत्राटी व्यावसायिक झाला.

महाराष्ट्राशी नाते काय?

त्याच वर्षी मुंबईत एस्सेल समूहाने मुंबई एफसी हा क्लब काढला, पुण्यात अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी. वीस वर्षांचा अनस मुंबई एफसीत आला. डेव्हिड बूथ हे इंग्लिश प्रशिक्षक होते. पहिल्याच मोसमात क्लबने दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकली आणि वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवला. खालिद जमील तेव्हा या क्लबमध्ये खेळाडू होता. पुढे तो याच क्लबचा प्रशिक्षक झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक.

२०११ मध्ये अनस पुणे एफसीत गेला. बालेवाडीच्या मैदानावर खेळणारा हा क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. मुंबई आणि पुण्याचे सामने तेव्हा ‘महाराष्ट्र डर्बी’ म्हणून ओळखले जायचे. प्रेक्षक हजारांत मोजावे लागायचे, लाखांत नाही. पण नियमित येणारा, घोषणा देणारा एक वर्ग दोन्हीकडे तयार झाला होता.

मग काय बिघडले?

२०१४ मध्ये आयएसएल आली. झगमगाट, परदेशी तारे, सिनेमा आणि क्रिकेटमधले मालक. जाहिरातदार आणि टीव्ही त्या दिशेने वळले. आय-लीगमधल्या खासगी क्लबांचा खर्च तोच राहिला, उत्पन्न मात्र वाढले नाही. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. (आयएसएलमधला एफसी पुणे सिटी हा वेगळा क्लब, तोही २०१९ मध्ये थांबला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली.) मुंबई एफसीने २०१७ मध्ये पदावनतीनंतर गाशा गुंडाळला.

म्हणजे अनसने आयुष्याची पहिली आठ वर्षे ज्या दोन क्लबांना दिली, ते दोन्ही तो तिशीत पोहोचेपर्यंत संपले होते.

एकाच वर्षात दोन क्लब कसे?

त्या काळात आयएसएल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर अशी छोटी स्पर्धा होती. आय-लीग त्यानंतर जानेवारीत सुरू व्हायची. त्यामुळे भारतीय खेळाडू वर्षाचे तीन महिने एका संघात आणि उरलेला मोसम दुसऱ्या संघात खेळत. कधी लोनवर, कधी नव्या करारावर.

अनस २०१५ आणि २०१६ मध्ये दिल्ली डायनामोजकडून खेळला. पहिल्या वर्षी प्रशिक्षक होता ब्राझीलचा विश्वविजेता रॉबर्टो कार्लोस, दुसऱ्या वर्षी इटलीचा विश्वविजेता जियानलुका झांब्रोटा. दोघेही स्वतः बचावपटू. दोन्ही वर्षी दिल्ली उपांत्य फेरीपर्यंत गेली. त्यानंतर २०१७ च्या आय-लीगसाठी अनस लोनवर मोहन बागानमध्ये होता. तो मोसम बागानने उपविजेता म्हणून संपवला. विजेतेपद ऐझॉलने मिळवले.

भारतीय संघाची दारे इतकी उशिरा का उघडली?

मार्च २०१७ मध्ये कंबोडियाविरुद्ध अनस भारताकडून पहिल्यांदा खेळला. तेव्हा त्याला तीस वर्षे पूर्ण झाली होती. दहा वर्षे देशातल्या वरच्या फळीत खेळूनही.

यामागे सेंटर बॅकच्या कामाचे स्वरूपही आहे. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात. बचावपटूचे उत्तम काम म्हणजे जे घडलेच नाही ते. प्रतिस्पर्ध्याला पास मिळालाच नाही, क्रॉस डोक्याने परतवला गेला, धाव वेळेत अडवली गेली. हे हायलाइट्समध्ये दिसत नाही. चूक मात्र लगेच दिसते, कारण तिच्या शेवटी गोल असतो.

संधी मिळाल्यावर संदेश झिंगन आणि अनस ही जोडी जमली. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या मार्गदर्शनाखालचा तो संघ २०१६ ते २०१८ दरम्यान सलग १३ सामने अपराजित राहिला. जुलै २०१७ मध्ये भारत फिफा क्रमवारीत ९६ व्या स्थानी होता. त्याच वर्षी भारताने आशिया कपची पात्रता मिळवली. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर केनियाला २-० ने हरवून इंटरकॉन्टिनेंटल कपही जिंकला.

ड्राफ्ट म्हणजे लिलाव का?

नाही. आयपीएलच्या लिलावात बोली चढत जाते. आयएसएलच्या २०१७ च्या ड्राफ्टमध्ये खेळाडूची रक्कम आधीच ठरलेली होती आणि क्लबांनी आपापल्या क्रमाने नावे निवडायची होती. नव्याने आलेल्या जमशेदपूर एफसीने पहिली निवड केली ती अनसची, १ कोटी १० लाख रुपयांना. त्या ड्राफ्टमधली ती सर्वोच्च रक्कम होती. युजेनसन लिंगडोहसाठीही तेवढीच मोजली गेली.

आकडा मोठा वाटतो. पण हा मोसमाचा मोबदला आहे, बाजारातली कायमची किंमत नाही. करार संपला की खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो. नवा क्लब मिळाला तर पगार, नाही तर शून्य. फिफाच्या नियमांनुसार करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असू शकतो. तिशीतल्या बचावपटूच्या हाती सहसा एक-दोन वर्षांचाच करार पडतो.

दुखापतीचा फटका किती?

याचे उत्तर पुढच्या वाटचालीत आहे. जमशेदपूरमध्ये दुखापतींमुळे त्याचे बरेच सामने हुकले. २०१८-१९ मध्ये तो केरळ ब्लास्टर्सकडे, म्हणजे घरच्या राज्यात आला, तिथेही नियमित जागा मिळाली नाही. जानेवारी २०१९ मध्ये शारजात आशिया कपचा बहारीनविरुद्धचा निर्णायक सामना सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच अनसला दुखापतीमुळे बाहेर जावे लागले. अखेरच्या क्षणी पेनल्टीवर भारत ०-१ ने हरला आणि स्पर्धेबाहेर पडला. लगेच अनसने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली.

नवे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी त्याला परत बोलावले. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोलकात्यात बांगलादेशविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात झिंगन जखमी असताना गोव्याचा आदिल खान आणि अनस ही जोडी मधल्या बचावात उतरली. सामना १-१ असा सुटला.

एटीकेने २०१९-२० ची आयएसएल जिंकली तेव्हा अनस त्या संघात होता. त्यानंतर पुन्हा जमशेदपूर, मग गोकुलम केरळ आणि २०२४ मध्ये नव्या सुपर लीग केरळमध्ये मलप्पुरम एफसी. ३७ व्या वर्षी तो आपल्याच जिल्ह्याच्या जर्सीत खेळला.

या प्रवासातून काय कळते?

हिशेब मांडून पाहू. नऊपैकी पुणे एफसी आणि मुंबई एफसी बंद झाले. दिल्ली डायनामोज २०१९ मध्ये भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. एटीके २०२० मध्ये मोहन बागानशी जोडला गेला. चार क्लब त्या नावाने आता नाहीत. उरलेल्यांत मोहन बागान १८८९ पासून उभा आहे. बाकीचे सगळे गेल्या दीड दशकातले.

क्लब बंद होतो तेव्हा फक्त वरचे पंचवीस खेळाडू मोकळे होत नाहीत. युवा संघ, फिजिओ, मैदान सांभाळणारे, गोलकीपर प्रशिक्षक सगळेच रस्त्यावर येतात. नावाजलेल्या खेळाडूला दुसरा क्लब मिळतो. बाविशीतल्या राखीव बचावपटूला बहुतेक वेळा मिळत नाही.

आत्ता हे महत्त्वाचे का?

कारण प्रश्न जुना झालेला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. पुढचे चित्र स्पष्ट नसल्याने २०२५-२६ चा हंगाम ठरलेल्या वेळी सुरू झाला नाही. काही क्लबांनी पगार थांबवले. छेत्री, झिंगन, गुरप्रीतसिंग संधू यांच्यासारख्या खेळाडूंना उघडपणे आवाहन करावे लागले की आम्हाला फक्त खेळायचे आहे.

ज्यांच्याकडे नाव आणि साठवलेले पैसे आहेत, ते एक मोसम थांबू शकतात. पहिला करार हातात घेऊन घर सोडलेला मुलगा थांबू शकत नाही. फुटबॉलपटूची कमावती वर्षे जेमतेम दहा-पंधरा असतात. त्यातले एक वर्ष गेले तर ते भरून निघत नाही.

त्यामुळे कोल्हापूर, मुंबई किंवा मडगावच्या मैदानावर मुलाला पाठवणाऱ्या पालकांनी क्लब निवडताना ट्रॉफ्यांपेक्षा तीन गोष्टी आधी विचाराव्यात : करार लेखी आहे का, दुखापतीचा खर्च कोण करणार आणि शिक्षण चालू ठेवता येईल का? अनस नऊ क्लबांतून तरला, कारण प्रत्येक वेळी कुणाला तरी भरवशाचा सेंटर बॅक हवा होता. प्रत्येकाच्या बाबतीत असे होईलच, असे नाही.