ब्रोमिनचा रंग जातो तेव्हा

मेळघाटात मोहाच्या बियांचे तेल काढतात. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात हिवाळ्यात हे तेल बाटलीतच थिजते. जवसाचे तेल मात्र पातळ राहते. याचे मुख्य कारण असे, की जवसाच्या तेलाच्या रेणूंत कार्बन-कार्बन दुहेरी बंध पुष्कळ अधिक असतात. हेक्झेनमध्ये ब्रोमिनचे सौम्य द्रावण करून ते दोन्ही तेलांच्या सारख्या वजनांत थेंबाथेंबाने टाकले, तर जवसाचे तेल अधिक थेंबांचा तांबूस रंग घालवते.

दुहेरी बंधातील एक बंध येथे उकलतो आणि शेजारच्या दोन कार्बन अणूंना एकेक ब्रोमिन जडतो. हायड्रोजन जागचा हलत नाही. ही समावेशन अभिक्रिया सावलीतही झटपट होते.

यावरून आपण वर्गात सांगतो, की ब्रोमिनचा रंग गेला म्हणजे पदार्थ असंपृक्त. हे विधान अपुरे आहे. तेच द्रावण तेल न घालता उन्हात ठेवून पाहावे. हेक्झेनमध्ये दुहेरी बंध एकही नाही, तरी रंग हळूहळू जातो. प्रकाशाने ब्रोमिनचा रेणू दुभंगतो. सुटा ब्रोमिन अणू कार्बनला थेट जडत नाही. तो आधी कार्बनजवळचा हायड्रोजन ओढून घेतो व हायड्रोजन ब्रोमाइड बनते. मोकळा हात राहिलेला कार्बन मग दुसऱ्या रेणूतला एक ब्रोमिन घेतो. निम्मा ब्रोमिन हायड्रोजनकडे, निम्मा कार्बनकडे! ही प्रतियोजन अभिक्रिया.

ती सावकाश का? कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सरासरी ४१३ किलोज्यूल लागतात. हायड्रोजन-ब्रोमिन बंध जुळताना ३६६ मिळतात. पहिल्याच पायरीला ४७ ची तूट. पुढच्या पायरीत ती भरून निघते (ब्रोमिन-ब्रोमिन बंध १९३, कार्बन-ब्रोमिन २८५). हायड्रोजन-क्लोरीन बंधाचा आकडा ४३२, म्हणून क्लोरीनला ही अडचण नाही. तो मिळेल तो हायड्रोजन ओढतो. ब्रोमिन त्यातल्या त्यात सैल बंध निवडतो. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः मांडावा, असे आम्हांला वाटते.

तेव्हा तेलाची परीक्षा करताना नळीला काळा कागद गुंडाळावा आणि नुसत्या द्रावणाची नळी तशीच शेजारी ठेवावी. उन्हातल्या नळीचा रंग पूर्ण गेल्यावर तिच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरला, तर तो तांबडा होतो. रंग असताना धरू नये, ब्रोमिन लिटमसलाच विरंजित करतो. ब्रोमिनजल वापरल्यास ही खूण फसवी ठरते, कारण पाणीही अभिक्रियेत भाग घेते आणि दुहेरी बंध असलेल्या पदार्थापासूनही हायड्रोजन ब्रोमाइड बनते. ब्रोमिनने कातडी भाजते, वाफ डोळ्यांना व फुप्फुसांना घातक असते आणि हेक्झेन पेट घेते. द्रावण शिक्षकांनीच हातमोजे घालून, ज्योतीपासून दूर व मोकळ्या हवेत करावे.