विठ्ठल पालवणकर: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

जयगडपासून मंडणगडापर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात क्रिकेटवेड्यांची वाण नाही. पण कोकणातल्या पालवण गावावरून ज्यांना आडनाव मिळाले, त्या पालवणकर बंधूंविषयी विचारले तर एखादेच नाव पुढे येते, तेही ‘पी. बाळू’ यांचे. दोन महायुद्धांमधल्या काळात मुंबईच्या चौरंगी (हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन संघांच्या) क्रिकेट स्पर्धेत हिंदू संघाचे नेतृत्व करणारे त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल विसरले गेले आहेत. जे थोडे बोलले जाते, त्यातही चुका आहेत.

गैरसमज: विठ्ठल यांची ओळख म्हणजे बाळूंचा भाऊ.
वस्तुस्थिती: बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. विठ्ठल फलंदाज होते आणि हिंदू संघातली जागा त्यांनी स्वतःच्या धावांवर मिळवली. शिवराम आणि गणपत हे भाऊही याच संघाकडून खेळले.

गैरसमज: मैदानात जात आड येत नव्हती.
वस्तुस्थिती: येत होती. पुण्यात हिंदू संघातले सहकारी बाळूंच्या हातचा चेंडू घेत, पण त्यांना चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. त्यांचे कुटुंब चर्मकार समाजातले होते. इतकी वर्षे संघाला सामने जिंकून दिल्यावरही त्यांना कर्णधारपद दिले गेले नाही. 1920च्या चौरंगी स्पर्धेत तर सुरुवातीला त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. अखेर निवड समितीला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यासाठी तिन्ही भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले.

गैरसमज: विठ्ठल यांना कर्णधारपद दयेपोटी मिळाले.
वस्तुस्थिती: 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले, ते खेळातल्या योग्यतेवर आणि भावांनी घेतलेल्या ठाम भूमिकेमुळे. त्याच वर्षी त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. 1925 आणि 1926 मध्येही हिंदू संघच विजेता ठरला. दयेने पद मिळू शकते, पण चार वर्षांत तीन वेळा विजेतेपद मिळत नाही.

गैरसमज: ते भारताकडून कसोटी खेळले.
वस्तुस्थिती: भारताचा पहिला कसोटी सामना जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर झाला, तोवर विठ्ठल यांची उमेदीची वर्षे सरली होती. त्यांच्या काळात मुंबईची चौरंगी स्पर्धा हेच देशातले सर्वांत मोठे व्यासपीठ होते. कसोटीच्या आकड्यांत त्यांचे नाव शोधून ते सापडत नाही म्हणून त्यांना दुय्यम ठरवणे अन्यायाचे आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. विठ्ठल यांनी स्वतःची हकीकत मराठीत लिहून ठेवली. ‘माझे क्रीडाजीवन’ हे त्यांचे आत्मचरित्र 1948 साली मुंबईत प्रसिद्ध झाले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी पालवणकर बंधूंची कहाणी इंग्रजी वाचकांपुढे मांडली, तेव्हा याच पुस्तकाचा आधार घेतला. ज्या भाषेत ते लिहिले गेले, त्या मराठीतले वाचक मात्र त्याच्यापासून दूर राहिले. मराठी प्रकाशकांनी ते पुन्हा छापावे आणि कोकणातल्या प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत असावी. बॅट हाती धरणाऱ्या इथल्या प्रत्येक मुलामुलीचा त्या कहाणीवर हक्क आहे.