भिंतीत चिणलेली समाधी

पॉव्हिस, वेल्स : मध्य वेल्समधल्या बर्विन डोंगररांगेत लानगिनोग नावाचं लहानसं गाव आहे. एके काळी ते शिशाच्या खाणींसाठी ओळखलं जाई. तिथून एक अरुंद रस्ता तानात नदीच्या उगमाकडे वळतो आणि दरीच्या तोंडाशी संपतो, कारण पुढे डोंगरच आहे. जवळपास वस्ती जवळजवळ नाहीच. तरीही तिथे बाराव्या शतकातलं एक दगडी चर्च उभं आहे आणि देशोदेशीचे यात्रेकरू या आडवाटेला वळतात. या चर्चचं नाव पेनांट मेलांगेल. वेल्स समजून घ्यायचं तर कार्डिफच्या संसदभवनाइतकंच या चर्चलाही महत्त्व द्यावं लागेल.

चर्चच्या नावातली मेलांगेल ही संत; कथेनुसार ती आयर्लंडच्या एका राजाची मुलगी. तिची लॅटिन चरित्रकथा पुष्कळ उत्तरकालीन हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत आली आहे. बापाने ठरवलेलं लग्न टाळून ती या दरीत आली आणि एकांतात राहिली. इ. स. ६०४ मध्ये पॉव्हिसचा राजा ब्रॉखवेल शिकारीला निघाला. कुत्रे मागे लागलेला एक ससा काटेरी झुडपात शिरला आणि प्रार्थनेत बसलेल्या मेलांगेलच्या वस्त्राच्या घोळाखाली दडला. राजाने कुत्र्यांना चेव आणायचा प्रयत्न केला, पण ते विव्हळत मागे पळाले. मग राजाने ती दरीच तिला दान दिली. तिथे शरण येणाऱ्या माणसाला आणि जनावराला अभय मिळेल, असं वचनही दिलं. सालाचा मेळ इतिहासाशी बसत नाही. ब्रॉखवेल त्याआधीच्या पिढ्यांतला असावा, असं अभ्यासक मानतात. या कथेचा अंमल मात्र खरा होता. १७७० च्या दशकात वेल्सभर फिरलेल्या थॉमस पेनंट या लेखकाने इथली एक समजूत नोंदवून ठेवली आहे. त्याच्या आधीच्या शतकापर्यंत या पॅरिशमध्ये कोणी ससा मारत नसे. कुत्रे मागे लागलेल्या सशाला कोणी मेलांगेलच्या नावाने हाक दिली की तो निसटणारच, असा लोकांचा विश्वास होता. सशांना इथे ‘मेलांगेलची कोकरं’ म्हणत. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्रे सोडून सशाची शिकार करण्यावर कायद्याने बंदी आली ती २००५ मध्ये.

चर्चभोवतीची दफनभूमी वर्तुळाकार आहे. वेल्समध्ये असं आवार बहुधा फार जुन्या धर्मस्थळाची खूण मानतात. कडेच्या प्रचंड यू वृक्षांपैकी काही दोन हजार वर्षांचे असावेत, असा अंदाज आहे. उत्खननात तर कांस्ययुगातल्या अंत्यसंस्कारांच्या खुणा सापडल्या. मेलांगेल आली त्याच्या कितीतरी आधीपासून लोक आपली माणसं इथे आणत होते.

बाराव्या शतकात तिच्या अस्थींवर कोरीव दगडांची उंच समाधी उभी राहिली. उत्तर युरोपात टिकलेल्या रोमनेस्क समाध्यांमध्ये ती सर्वांत जुन्यांपैकी गणली जाते. पंधराव्या शतकात कारागिरांनी चर्चमधल्या लाकडी पडद्यावर मेलांगेल, राजा, कुत्रे आणि ससा अशी सगळी कथा कोरली.

मग धर्मसुधारणेची लाट आली. संतांची पूजा आणि यात्रा बंद झाल्या, समाध्या फोडण्याचे हुकूम सुटले. मेलांगेलची समाधीही उतरवली गेली. पण तिचे दगड कोणी दूर नेऊन टाकले नाहीत. चर्चच्या भिंतींत आणि दफनभूमीच्या छपरी फाटकात ते बसवले गेले. हे काटकसरीपोटी झालं की भक्तीपोटी, हे कोणत्याही कागदात लिहिलेलं नाही. इतकं खरं की नक्षीचे तुकडे भिंतीत शाबूत राहिले.

ज्या लाटेने ही समाधी मोडली, तिनेच जवळच्या एका पॅरिशमध्ये वेल्श भाषेला जीवदान दिलं. लानरायाडर-इम-मॉखनांट इथे १५७८ पासून विल्यम मॉर्गन हा धर्मगुरू होता. शेजारच्या एका जमीनदाराशी त्याचे कोर्टकज्जे चालू होते. त्या धामधुमीतच त्याने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणलं आणि १५८८ मध्ये ते छापलं गेलं. सरकारी कारभारातून वेल्शला हद्दपार केलेल्या काळात दर रविवारी चर्चमध्ये ती भाषा उत्तम रूपात लोकांच्या कानी पडू लागली. २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असं सांगितलं. या आकड्याचं बरंच श्रेय त्या बायबलला द्यायला हवं.

एकोणिसाव्या शतकात लोक पॅरिश चर्च सोडून स्वतंत्र पंथांच्या चॅपलमध्ये जाऊ लागले. पण चॅपलमध्ये जाणाऱ्या शेतकऱ्यालाही चर्चचा दशांश कर चुकत नव्हता. १८८० च्या दशकात शेजारच्या डेन्बिशरमध्ये शेतकऱ्यांनी तो द्यायला नकार दिला. गुरं जप्त झाली, लिलाव झाले, पोलीस आणि सैनिक आले. या संतापाचा शेवट १९२० मध्ये झाला. वेल्समधल्या चर्चचा सरकारी दर्जा गेला आणि ‘चर्च इन वेल्स’ स्वतंत्र झालं. हा न्याय योग्यच होता. मात्र आता लहान पॅरिशचा भार बराचसा वर्गणीवर येऊन पडला.

पेनांट मेलांगेलमध्ये १९५८ मध्ये अभ्यासकांनी भिंतीतले तुकडे काढून समाधी पुन्हा रचली होती. तरीही १९८० च्या दशकात इमारत मोडकळीला आली आणि ती पाडावी लागेल अशी वेळ आली. तेव्हा धर्मगुरू पॉल डेव्हिस आणि त्यांच्या पत्नी एव्हलिन यांनी ती वाचवण्याचं मनावर घेतलं. दुरुस्तीबरोबर उत्खननही झालं. त्यात बाराव्या शतकातल्या अर्धवर्तुळाकार गाभाऱ्याचा पाया सापडला, आणि त्याच पायावर गाभारा पुन्हा बांधला गेला. समाधी मुख्य वेदीच्या भागात आणली गेली. १९९२ मध्ये चर्च नव्याने समर्पित झालं. एव्हलिन यांनी शेजारीच कॅन्सरच्या रुग्णांना आधार देणारं केंद्र सुरू केलं आणि पॉल यांच्या मृत्यूनंतरही ते काम सोडलं नाही.

आज ग्रामीण वेल्समध्ये चर्च आणि चॅपल एकामागून एक बंद होत आहेत. कित्येकांची राहती घरं झाली. उपासकांची संख्या मोजूनच निर्णय घ्यायचा, तर पेनांट मेलांगेल कधीच विकलं गेलं असतं, कारण इथे गावच नाही. इथे येणारे बहुतेक जण बाहेरचे असतात. कोणाच्या घरात आजारपण असतं, कोणी नुकतंच जवळचं माणूस गमावलेलं असतं. समाधीजवळ ते नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवतात आणि त्या नावांसाठी प्रार्थना होते.