कायमचा पत्ता द्यायचा, पण कुठून?

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या दोन रात्रींच्या नोंदी गेल्या. आमच्या लॅबमध्ये इन्क्युबेटरचं तापमान मोजायला एक रास्पबेरी पाय लावलाय. माझी स्क्रिप्ट रोज रात्री १९२.१६८.१.२३ या पत्त्यावरून नोंदी उतरवून घेते. पाय स्वतःकडे फक्त शेवटच्या बारा तासांच्या ठेवतो. सेन्सर चालू, नेटवर्क चालू, तरी फाइल रिकामी! कारण २३ वर आता कुणाचा तरी फोन बसला होता.

असं का होतं? लोकल नेटवर्कवर पत्ते वाटायचं काम सहसा राउटर करतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता भाड्याने मिळतो, ठरावीक मुदतीसाठी. अर्धी मुदत झाली की मशीन स्वतःच मुदतवाढ मागतं आणि बहुतेक वेळा तोच पत्ता पुन्हा मिळतो. त्यामुळे महिनोन्‌महिने आपल्याला वाटतं, हा पत्ता आपलाच. सुट्टीत पाय बंद होता, मुदत संपली, पत्ता दुसऱ्याला गेला. राउटरचं काही चुकलं नाही.

मग मी पायवरच हाताने १९२.१६८.१.५० टाकला. त्याआधी पिंग करून पाहिलं, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणजे मोकळा. इथे दुसरी चूक झाली. राउटर १० ते २०० मधले पत्ते वाटत होता आणि ५० मी घेतलाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा पाय बंद असताना त्याने ५० प्रिंटरला दिला. पाय परत सुरू केला तर एका पत्त्यावर दोन मशीन! कधी हे उत्तर देतं, कधी ते. असा बिघाड शोधताना डोकं फिरतं.

म्हणून माझा निष्कर्ष साधा आहे: पत्ता कायमचा करायचा तर शक्यतो राउटरमध्येच करा. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या पानावर ‘रिझर्व्हेशन’ किंवा तशाच नावाची सोय असते. तिथे मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस आणि हवा तो पत्ता लिहायचा. मशीनवर काहीच बदलायचं नाही. ते नेहमीसारखं पत्ता मागतं आणि प्रत्येक वेळी तोच मिळतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, केबल आणि वायफाय यांचे मॅक वेगळे असतात, ज्याने जोडताय त्याचाच लिहा. दोन, हल्लीचे फोन आणि काही लॅपटॉप वायफायवर बनावट मॅक दाखवतात. त्या नेटवर्कपुरती ती सोय बंद करा.

राउटर तुमच्या हातात नसेल तर तो सांभाळणाऱ्याला विचारून, वाटपाच्या बाहेरचा पत्ता घ्या. आमच्याकडे २ ते ९ मोकळे होते. हाताने टाकताना सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएसही भरावे लागतात. गेटवे चुकला तर लॅबमधली मशीन दिसतात, पण इंटरनेट चालत नाही.

आणि कोणता पत्ता कुणाचा, याची यादी राउटरशेजारी चिकटवा. आम्ही आता चिकटवली आहे. त्या दोन रात्रींचा प्रयोग मात्र पुन्हा करावा लागला.