तराजूत न मावणारे ऋण

बीजगणित म्हणजे निव्वळ चिन्हांचा व्यवहार, आणि त्यात रूपकाचा आधार शोधणारा विद्यार्थी बुद्धीने कच्चा, असा समज आपल्याकडे दृढमूल झालेला आहे. परंतु ‘पद पलीकडे नेले की त्याचे चिन्ह बदलते’ असे जे गुरुजी फळ्यापाशी उभे राहून नित्य सांगतात, तेही रूपकच बोलत असतात, कारण पद कोठून निघत नाही की कोठे पोचत नाही. दोन्ही बाजूंतून एकच राशी वजा होते, इतकेच. तेव्हा रूपक वापरावे की नाही हा वाद व्यर्थ असून, कोणते रूपक कोठवर साथ देते हे पाहणे अगत्याचे आहे.

समीकरण म्हणजे तराजू, आणि एवढे उमगले की सर्व उमगले, हा दुसरा समज. 2क्ष + 3 = 11 येथपर्यंत तराजू निर्वेध चालतो; पण उणे शंभर पारड्यात ठेवावे कसे? भास्कराचार्यांनी शके 1072 च्या सुमारास रचलेल्या ‘बीजगणिता’त एक उदाहरण आहे: एकाजवळ तीनशे रूपे व सहा अश्व, दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा अश्व, पण डोक्यावर शंभरांचे ऋण, दोघांची मत्ता समान, तर एका अश्वाचे मोल काय? येथे तराजू हटतो आणि जमाखर्चाची वही कामास येते. दोघांकडूनही सहा-सहा अश्व काढून घ्या, दोघांनाही शंभर-शंभर द्या, म्हणजे दुसऱ्याचे कर्ज बेबाक होऊन एकीकडे चारशे रूपे व दुसरीकडे चार अश्व उरतात, आणि मोल शंभर ठरते.

वहीलाही मर्यादा आहेच. ऋणाला ऋणाने गुणले असता धन येते, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये सांगितला. पण कर्जाला कर्जाने गुणण्याचा व्यवहार कोणत्या सावकाराच्या दप्तरात सापडेल? पाच रुपयांची तीन कर्जे माफ झाली तर मत्ता पंधरांनी वाढते, असे जो विद्यार्थी मनाशी म्हणतो, त्याने दोहोंपैकी एका ऋणास वस्तू न मानता ‘काढून टाकणे’ ही क्रिया मानलेले असते. माझ्या मते बीजगणितातील खरी प्रगल्भता ती हीच.

अक्षर म्हणजे वस्तूचे नाव, हा समज मात्र निखालस घातक. ‘आ म्हणजे आंबे’ असे शिकलेल्यास अक्षर हे संख्येचे स्थान आहे याचा विसर पडतो. भास्कराचार्य अनेक ठिकाणी अव्यक्त राशींस कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देतात, आणि रंगाचा किमतीशी काडीइतकाही संबंध नसल्याने हा घोटाळा संभवतच नाही. अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत हे समीकरणाने मांडण्यास सांगितले असता, अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या 150 विद्यार्थ्यांपैकी 37 टक्के चुकले, आणि त्यांतील बहुतेकांनी 6वि = प्रा असे उलटे लिहिले. सहा विद्यार्थ्यांचा जथा आणि त्यांच्यासमोर एक प्राध्यापक, हे चित्र त्यांनी जसेच्या तसे कागदावर उतरवले होते; प्राध्यापकांची संख्या सहापट केल्यावरच ती विद्यार्थ्यांच्या संख्येस भिडते, अशी क्रिया ज्यांनी कल्पिली, त्यांच्या हातून वि = 6प्रा हे अनायासे लिहिले गेले.